आराखड्यात ‘त्सुनामी : धोका कमी’ असं लिहिलंय. पण हे ठरवलं कोणी?

खाजणकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गणपतीला गावी (दापोली तालुका) गेलो होतो. ‘तू पुण्यात कॉम्प्युटरवर असतोस ना’ या एका गुणावर गावचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा माझ्या गळ्यात पडला. पूर, दरड, वादळ, वणवा, वीज असे रकाने आणि प्रत्येकापुढे धोका कमी, मध्यम की जास्त ते लिहायचं. त्सुनामीपुढे ‘कमी’ असं आधीच टाइप केलेलं होतं. चौकशी केली तर कळलं की नमुना म्हणून शेजारच्या गावाची फाइल आणली होती, तीच पुढे चालू. आता शेजारचं गाव आहे सड्यावर, म्हणजे उंच कातळपठारावर. त्यांना समुद्र फक्त दिसतो. आमची निम्मी वाडी पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूवर!

गावाची रचना सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल. पुढे समुद्र, मग पुळण, सुरूचं बन, घरं, नारळी-पोफळीच्या बागा, त्यामागे खाजण (खाऱ्या पाण्याची दलदल) आणि खाडी. सडा खाडीच्या पलीकडे. म्हणजे उंचावर जायचं तर आधी पूल ओलांडायचा, मग जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढायची. शेवटच्या घरापासून सड्यावरच्या पहिल्या कातळापर्यंत मी घड्याळ लावून चालून पाहिलं : १४ मिनिटं. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो : ३१ मिनिटं. त्यात ती दोनदा गप्पा मारायला थांबली हे खरं, पण त्या दिवशीसुद्धा थांबेलच.

धोका ठरवायचा म्हणजे नक्की काय मोजायचं? लाटेची उंची, घरांची संख्या की आईची मिनिटं? जाणकारांनी लिहावं.

---

भूकवच

चांगला विषय. भूशास्त्र शिकवतो, म्हणून जरा लांबण लागेल.

आपल्या देशाला मोठी त्सुनामी पाठवू शकतील अशा जागा मुख्यतः दोन. एक अंदमान-सुमात्राची. २६ डिसेंबर २००४ चा ९.१ चा भूकंप तिथला. त्या लाटा श्रीलंकेला वळसा घालून केरळात पोचल्या आणि कोल्लम जिल्ह्यातल्या आलप्पाडला माणसं गेली. कोकणापर्यंत येता येता जोर सरला होता. दुसरी जागा मकरानची, म्हणजे पाकिस्तान-इराणचा किनारा. तिथे अरबी भूपट्ट वर्षाला साधारण चार सेंटिमीटर वेगानं युरेशियन भूपट्टाखाली सरकतोय. कोकणासाठी विचार करायचा तो याच जागेचा.

२८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे, आपल्या घड्याळात साडेतीनच्या सुमारास, मकरान किनाऱ्यावरच्या पसनीजवळ ८.१ चा भूकंप झाला. पसनी, ओरमारा भागात हाहाकार उडाला. मृतांचा चार हजार हा आकडा सगळीकडे फिरतो, पण अलीकडच्या अभ्यासकांना तो बराच फुगलेला वाटतो. सकाळी सव्वाआठच्या सुमारास लाटा मुंबईत आल्या. वर्सोवा, हाजीअली भागात मिळून पंधराच्या आसपास माणसं वाहून गेली. मुंबईतली लाट दोन मीटरची होती असं जुन्या वर्णनांवरून सांगतात. बंदरातल्या भरतीमापकाची नोंद मात्र त्याहून बरीच कमी आहे. यात कोणी खोटं बोलत असेलच असं नाही. मापक आत बंदरात असतो, माणसं उघड्या खडकावर असतात.

म्हणजे मकरान ते मुंबई अंतर अकराशे-बाराशे किलोमीटर आणि वेळ पावणेपाच तास. खोल समुद्रात ही लाट विमानाच्या वेगानं जाते. ४००० मीटर खोलीवर ताशी सातशे किलोमीटर, ५० मीटर खोलीवर जेमतेम ऐंशी. मुंबईसमोर उथळ पाण्याचा पट्टा तीनशेएक किलोमीटर रुंद आहे, तिथे तिला ब्रेक लागतो. तुमच्या आईला ३१ मिनिटं लागतात ना? कोकणाकडे तास आहेत. सुमात्राच्या किनाऱ्यावरच्या लोकांकडे २००४ ला अर्धा तासही नव्हता.

---

रोखठोक

मग ‘कमी’ बरोबरच आहे की! तीनशे किलोमीटरचा नैसर्गिक ब्रेक, पाच तासांची सवड आणि ऐंशी वर्षांत एक घटना. कोकणात माणसं कशानं मरतात? २०२१ ला तळीयेत दरडीखाली ऐंशीच्या वर गेली, त्याच दिवशी चिपळूण बुडालं. २०२० ला निसर्ग वादळानं बागा झोपवल्या, महिनाभर वीज नव्हती. आणि आपण इथे जपानी शब्दावर चर्चासत्र भरवायचं. उद्या ‘त्सुनामी निवारा केंद्र’ नावाखाली कोणाचं तरी बांधकाम उभं राहील, एवढंच होईल.

---

भूकवच

@रोखठोक, बांधकामाबद्दलची भीती रास्त आहे. गणिताला मात्र आक्षेप. ‘पाचशे वर्षांतून एकदा’ म्हटलं की माणूस सुस्तावतो. पण तशी घटना पुढच्या तीस वर्षांत येण्याची शक्यता जवळपास सहा टक्के निघते. तीस वर्षं म्हणजे एका गृहकर्जाची मुदत. सहा टक्के चोरीची शक्यता असती तर तुम्ही कुलूप लावलं असतं.

आणि १९४५ ला कमाल मर्यादा समजू नका. तेव्हा मकरानचा पूर्वेकडचाच तुकडा फाटला. पश्चिमेकडचा, इराणच्या बाजूचा, शांत आहे. तो अडकून बसलाय की हळूहळू सुटतोय यावर एकमत नाही. दोन्ही तुकडे एकदम फाटले तर ९ च्या वरचा भूकंप शक्य आहे, असं मांडणारे अभ्यासक आहेत. ऐंशी वर्षांच्या नोंदींवरून हजार वर्षांच्या सवयी कळत नाहीत.

---

बाणकोटी

केळशीच्या टेकडीचा विषय कोणी काढला नाही अजून? केळशीला खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ती मध्ययुगातल्या एखाद्या त्सुनामीनं आणून टाकली असं मांडलं होतं, तेव्हा पेपरांतही आलं होतं. वाऱ्यानं साठलेली वाळू म्हणणारेही आहेत. आणि १५२४ ला वास्को द गामाची गलबतं दाभोळजवळ असताना वारा नसताना समुद्र खवळला, जहाजं थरथरली. समुद्र आपल्याला घाबरून कापतोय, असं सांगून त्यानं खलाशांना धीर दिला म्हणे. भूकंपाच्या यादीत ही नोंद सापडते.

---

भूकवच

दोन्ही गोष्टी जपून घ्याव्यात. जहाज थरथरणं म्हणजे समुद्राखालचा भूकंप, किनाऱ्यावर लाट आलीच असं नव्हे. केळशीबद्दल माझं मत : शंका घ्यायला जागा आहे, पण टेकडी वाळू उपशाला देऊ नका, एवढं तरी व्हावं. जुन्या लाटांचा पुरावा असाच मातीत असतो. जपान, सुमात्रा, थायलंड इथे वाळूचे पातळ थर मोजूनच शेकडो वर्षांचा हिशेब लावलाय.

---

पाऊणपट

आमचे आजोबा बंदरावर कारकून होते, त्यामुळे हा नाद. भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत सगळ्यांना माहीत असेल : तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास.

आता १९४५ कडे या. पौर्णिमा होती १९ नोव्हेंबरला. म्हणजे २८ ला कार्तिक वद्य अष्टमी-नवमी. दर्यावर्दी माणसाला पुढचं सांगायला नको : भांग! महिन्यातलं सगळ्यात निर्जीव पाणी. भरती पहाटे सहा-पावणेसातला होऊन गेलेली, सव्वाआठला पाणी उतरायला लागलेलं. पंचांगी हिशेब आहे, पाव-अर्धा तास इकडेतिकडे धरा.

थोडक्यात, मुंबई त्या दिवशी तिथीनं वाचली. उधाणाची भरती भांगाच्या भरतीपेक्षा मुंबईत मीटरभर तरी वर चढते. तीच लाट पौर्णिमेला दुपारी बाराला आली असती तर? आणि जुलैतल्या उधाणाला, वर पाऊस, खाडी फुगलेली? तमिळनाडूतल्या नागपट्टणमला भरती-ओहोटीतला फरक मीटरभरसुद्धा नसतो, तिथे लाट कधीही आली तरी सारखीच. आपल्याकडे ‘लाट किती मीटर’ या प्रश्नाला तिथीशिवाय उत्तरच नाही. आराखड्यात एकच आकडा लिहिणाऱ्यानं आधी पंचांग उघडावं.

---

भूकवच

@पाऊणपट, साष्टांग नमस्कार! हा मुद्दा मी विद्यार्थ्यांना शिकवतो, पण १९४५ च्या तिथीचा विचार कधी केला नव्हता.

यात भर एवढीच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी कराची आणि मुंबईच्या जुन्या भरतीमापक नोंदी काढून १९४५ च्या लाटेचं गणित मांडलं होतं. लाटेची ऊर्जा उथळ पट्ट्यात अडकून किनाऱ्याला घासत राहते, असं त्यातून दिसतं. म्हणजे रोखठोक यांचा तो ‘ब्रेक’ लाटेला हळू करतो आणि अडकवूनही ठेवतो. पाणी तासन्‌तास वर-खाली होत राहतं आणि पहिली लाट सर्वांत मोठी असेलच असं नाही. तेवढ्या वेळात ओहोटीची भरती होते. तेव्हा सुरुवात कोणत्याही पाण्यावर होवो, हिशेब भरतीच्या रेषेवरूनच धरायचा.

---

अड्यारकाठी

मी तेवीस वर्षं चेन्नईत आहे, माहेर अलिबागचं. २००४ चा तो रविवार सांगते. सकाळी साडेसहाच्या सुमारास पलंग हलला. टीव्हीवर भूकंपाची बातमी आली. आम्ही चहा केला, नातेवाइकांना फोन केले, आणि दोन तासांनी पाणी आलं. दोन तास होते हो आमच्याकडे! त्या वेळी हिंदी महासागरासाठी इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. लोक पाणी मागे गेलं म्हणून बघायला खाली उतरले.

नंतर मदतीला कडलूर आणि नागपट्टणमला गेले. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली होती. याद्या लिहिताना लक्षात आलं की बायकांची नावं संपत नाहीत. पुढे संस्थांच्या पाहण्यांतही तेच निघालं. कडलूरच्या काही गावांत पुरुषांच्या तिप्पट बायका गेल्या. कारण साधं होतं. पुरुष होड्या घेऊन खोल पाण्यात होते, तिथे लाट होडीखालून निघून गेली तरी कळत नाही. बायका टोपल्या घेऊन किनाऱ्यावर मासळीची वाट बघत होत्या. शिवाय कडेवर मूल, पायात साडी, आणि पोहायला कोणी शिकवलेलं नाही.

खाजणकाठ, तुमच्या भागात हर्णै बंदर आहे. संध्याकाळी लिलावाच्या वेळी त्या पुळणीवर किती माणसं असतात, मोजून या. जनगणनेच्या कागदावर ती माणसं तिथे राहतच नाहीत.

---

खाजणकाठ

अड्यारकाठी ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी घरं मोजत होतो. आमच्याकडे डिसेंबरात शनिवारी पुळणीवर गावापेक्षा पाहुणे जास्त असतात. त्यांना पाखाडी कुठाय हेसुद्धा माहीत नसतं. त्यांच्या गाड्या पुलाच्या तोंडाशी लावलेल्या असतात, ते वेगळंच.

सुरूच्या बनाबद्दल कोणी सांगेल का? गावात ठाम समज आहे की बन आहे तोवर लाट अडेल.

---

भूकवच

बनावर भरवसा नको. २००४ नंतर कडलूरच्या गावांवर अभ्यास झाला, झाडांमागची गावं कमी बिघडली असं निघालं. मग दुसऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि म्हणाले की ती गावं मुळातच उंचावर आणि किनाऱ्यापासून लांब होती, श्रेय झाडांना कसं द्यायचं? वारा, वाळू आणि छोट्या लाटांसाठी बन जरूर राखा. मोठ्या लाटेत मोडलेलं सुरूचं खोड ओंडका होऊन घरावर येतं.

तुमच्या गावात मला समुद्राहून खाडीची काळजी जास्त वाटते. पाणी खाडीच्या तोंडातून आत शिरून पुलाखाली आधी पोचेल, आणि लोक नेमके पुलाकडे धावत असतील.

---

रापणकार

मी वेंगुर्ल्याकडचो. सगळे म्हणतत होडी सोडून पळा. पण होडयेचा कर्ज कोण फेडतलो?

शुद्ध भाषेत लिहितो. इशारा आला की पहिला माणूस सड्याकडे धावणार नाही, तो होडीकडे धावणार. इंजिन, जाळी, सगळं मिळून लाखोंचा माल पुळणीवर असतो. हे धरून आराखडा करा. समुद्रात असलेल्यांनी बंदरात परत यायचं नाही, हे नियमात बरोबर आहे, कारण खोल पाण्यात धोका नाही आणि बंदराच्या तोंडात सगळ्यात जास्त. पण जेटीला लागलेली होडी खोल पाण्यात न्यायची म्हणाल, तर आपल्याकडे शंभर मीटर खोली गाठायला तास मोडतात. ते करू नये. आणि जवळ जाळी टाकणाऱ्या छोट्या होड्यांवर वायरलेस नसतो, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला असतो. त्यांना कोण सांगणार, हा रकाना कुठल्या फॉर्मात आहे?

---

रोखठोक

मी जरा माघार घेतो. पण मग इशारा देणारी ती हैदराबादची संस्था काय करते? की इशारा येतो आणि तालुक्याच्या टेबलावर पडून राहतो?

---

भूकवच

इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. तिथलं त्सुनामी इशारा केंद्र १५ ऑक्टोबर २००७ पासून चालू आहे आणि त्यांचं काम खरंच चोख आहे. समुद्राखाली ६.५ किंवा मोठा भूकंप झाला की दहाएक मिनिटांत पहिली सूचना निघते. मग समुद्रतळावरचे दाबमापक आणि भरतीमापक पाहून ती सुधारतात. किनाऱ्याच्या प्रत्येक भागासाठी वेगळी पायरी असते : सर्वांत वरच्या पायरीला वस्ती हलवायची, मधलीला पुळण आणि बंदर मोकळं करायचं, खालचीला फक्त सावध राहायचं. ३० जुलै २०२५ ला कामचाटकात ८.८ चा भूकंप झाला तेव्हा भारताला धोका नाही हेही त्यांनी वेळेत सांगितलं. ‘धोका नाही’ वेळेवर सांगणं तेवढंच मोलाचं.

पुढचा प्रवास राज्य, जिल्हा, तालुका, गाव. शेवटचा टप्पा तुमच्या वाडीचा, तो हैदराबाद करू शकत नाही. ओडिशानं तिथे काम केलंय. २०२० मध्ये वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाची ‘त्सुनामी-सज्ज’ मान्यता मिळाली, २०२४ मध्ये आकडा वीसच्या वर गेला. त्यासाठीचे बारा निकष वाचा. नकाशा, फलक, सराव, चोवीस तास निरोप घेणारी व्यवस्था, असं सगळं गावपातळीवरचं. सिमेंट फारच थोडं.

---

अड्यारकाठी

खोट्या इशाऱ्याचाही रकाना ठेवा. ३० डिसेंबर २००४ ला केंद्र सरकारकडूनच पुन्हा लाटेचा इशारा आला आणि तो पोकळ निघाला. नागपट्टणमला मदत टाकून सगळे पळाले, आम्हीसुद्धा. २०१२ च्या एप्रिलमध्ये ८.६ चा भूकंप झाला, पुन्हा किनारा रिकामा केला, लाट नाममात्र. तो भूकंप आडव्या सरकण्याचा होता, समुद्रतळ फारसा उचलला गेला नाही, हे मागाहून कळलं. माझी मोलकरीण म्हणाली, ‘अक्का, दर वेळी पळायचं आणि दर वेळी परत येऊन भांडी घासायची.’ पण पळाली. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण अंगाईसारखी पोरांना सांगतात. २००४ ला भूकंपाचा धक्का बसल्याबरोबर सगळं बेट टेकडीवर चढलं. सुमारे पंचाहत्तर हजारांतले सातच गेले.

---

भूकवच

त्यांच्याकडे धक्का हाच इशारा होता. कोकणात ती सोय नाही, हे नीट लिहून ठेवा. मकरानचा धक्का दापोलीत जाणवेलच असं नाही. आणि पाणी मागे हटलं तर लोक म्हणतील सुकती (ओहोटी) जरा जास्त आहे आज, आणि खुबे-कालवं काढायला खाली उतरतील. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या निरोपाला पर्याय नाही.

---

खाजणकाठ

सगळ्यांचे आभार. रकान्यात एक शब्द लिहायचा नाही असं ठरवलंय, वेगळा कागद जोडतोय. काल सरपंच, पोलीस पाटील आणि बचत गटाच्या बायकांबरोबर बसलो. रात्री तीनला निरोप आला तर तो कोण घेईल? पोलीस पाटलांचा फोन रात्री बंद असतो, त्यांनीच कबूल केलं. देवळाच्या भोंग्याला बॅटरी आहे, पण ती उत्सवापुरती भाड्याची. अंथरुणाला खिळलेली सात माणसं निघाली, प्रत्येकाच्या नावापुढे दोन तरुण लिहिले. त्यातले चौघे मुंबईला कामाला आहेत हे नंतर लक्षात आलं, खोडले. पुलाआधी गाडी लावायची नाही असा फलक ठरला. वादळालाही हेच सगळं लागणार, म्हणून रोखठोकांच्या खर्चाच्या तक्रारीला जागा नाही.

वर गेल्यावर सड्यावरच्या शाळेत बारा तास थांबायचं.

---

सड्यावरचा

आत्ता धागा पाहिला. तुम्ही उचललेली ती फाइल मी टाइप केली होती. आमच्यापुरतं ‘कमी’ बरोबर होतं!

पण आता विचारतो. तुमची चारशे माणसं आमच्या कातळावर आली तर त्यांना पाणी काय द्यायचं? मार्चनंतर आमच्याकडेच टँकर येतो. बारा तास थांबायचं म्हणताय. शाळेला संडास दोन, त्यातला एक बंद.

---

खाजणकाठ

दादा, हे तुमच्याशी बोलल्याशिवाय लिहायलाच नको होतं. रविवारी येतो. पिंप आमच्याकडून देऊ, भरून ठेवायचं तुम्ही बघा. शाळेची चावी कोणाकडे असते?

---

सड्यावरचा

शिपाईमामांकडे. ते राहतात तुमच्या वाडीत, बनाला लागून.